वाचक विचारतात : ॲनिमेटर भावाविषयी काय लिहावे?

या अंकात एकाच व्यक्तीविषयी आलेली तीन पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र त्या व्यक्तीच्या थोरल्या बहिणीचे आहे. भावाच्या संघातला एक मित्र आणि स्टुडिओतली एक सहकारी यांनाही आपापले प्रश्न आमच्याकडे पाठवायला तिनेच सांगितले. तिघांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी अल्पशा आजाराने, वयाच्या अडतिसाव्या वर्षी गेला. तो ॲनिमेटर होता आणि नोकरीला लागल्यापासून रग्बी खेळत होता. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी जवळच्या मंडळींपुरती स्मरणसभा घ्यावी आणि एक छोटी स्मरणिका छापावी, असे आम्ही ठरवले असून तिच्यातला मुख्य लेख मी लिहायचा आहे. मात्र लिहायला बसले की ‘हसतमुख, मनमिळाऊ, कोणाच्याही अडीअडचणीला धावून जाणारा’ यापुढे लेखणी सरकत नाही. तो दिवसभर नेमके काय करीत असे, हे आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येत नाही. नातेवाइकांत ‘कार्टून काढतो’ एवढ्यावर विषय संपत असे. त्याच्या मोबाइलमध्ये काही चमत्कारिक व्हिडिओ सापडले. गच्चीवर तो पाण्याने भरलेली बादली उचलून खाली ठेवतो, मग पाणी ओतून देऊन तीच बादली रिकामी उचलतो, आणि हे पुन्हा पुन्हा करतो. आई ते पाहून फार अस्वस्थ झाली. त्याच्या सगळ्या जर्सींवर ३ हाच आकडा आहे. तो त्याचा शुभांक होता का? सामन्याहून घरी आला की बाबा ‘आज किती गोल केलेस?’ असे विचारीत आणि तो नुसता हसत असे. शेवटचा प्रश्न फोटोविषयी आहे. स्मरणिकेसाठी निवडलेल्या फोटोत त्याचा उजवा कान जाड आणि वेडावाकडा दिसतो. फोटोग्राफर म्हणतात, संगणकावर नीट करून देतो. करून घ्यावा का?
— एक भगिनी, कोथरूड

उत्तर : आपण दिलेली विशेषणे खोटी नसतील, पण ती पुण्यातल्या कोणत्याही स्मरणिकेत कोणाच्याही फोटोखाली छापली तरी चालतील अशी आहेत. ‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य तर छापखान्यात आधीच जुळवून ठेवलेले असावे, अशी शंका येते. आपल्या भावाला न ओळखणाऱ्या वाचकाच्या हाती काही लागायचे असेल, तर तो काय करीत होता हे आधी सांगायला हवे. तो कसा होता हे त्यातून बरेचसे आपोआप येईल. ज्या व्हिडिओंनी घर अस्वस्थ झाले आहे, ते या दृष्टीने आपल्याकडचे सर्वांत भरवशाचे साहित्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

संगणकावर काम करणारा ॲनिमेटर ज्या पात्राला हलवतो, ते पात्र बहुधा दुसऱ्या कोणी घडवलेले असते आणि त्याच्या आतला सांगाडा व सांध्यांची नियंत्रणे तिसऱ्याच कोणी बसवलेली असतात. ॲनिमेटरच्या हाती येते तेव्हा ते पात्र निर्जीव असते आणि मुख्य म्हणजे त्याला वजन नसते. त्याच्या हातातली बादली भरलेली आहे की रिकामी, हे संगणकाला ठाऊक नसते. ते प्रेक्षकाला निव्वळ हालचालीतून पटवून देणे, हे ॲनिमेटरचे काम. भरलेली बादली उचलताना माणूस आधी पाय रोवतो, गुडघ्यांत किंचित वाकतो, बादलीच्या विरुद्ध बाजूला कलतो आणि मोकळा हात आपोआप बाहेर जातो. दंड ताठ झाल्यावरही क्षणभर बादली जमिनीवरच असते, मग ती सावकाश सुटते आणि कडी धरलेल्या बाजूचा खांदा खाली ओढला जातो. रिकामी बादली उचलताना यांपैकी जवळजवळ काहीच घडत नाही. हात तेवढा वर येतो. हा फरक नुसत्या डोळ्यांनी टिपता येत नाही, म्हणून ॲनिमेटर ती कृती स्वतः करून तिचे चित्रण करतो आणि मग एकेक फ्रेम, म्हणजे चित्रणातले एकेक स्थिर चित्र, पुढेमागे सरकवत खांदा केव्हा हलला, गुडघा केव्हा हलला, याची नोंद घेतो. स्टुडिओत याला रेफरन्स म्हणतात आणि बहुतेक ॲनिमेटरांच्या मोबाइलमध्ये असे व्हिडिओ सापडतात. गच्चीवर तो नोकरीचेच काम करीत होता, एवढे आपल्या आईंना सांगितलेत तरी त्यांच्या मनावरचा भार पुष्कळ हलका होईल. गच्चीवर एवढे पाणी का सांडले होते, याचाही उलगडा होईल.

आता या कामाला लागणाऱ्या वेळाविषयी, कारण ‘कार्टून काढतो’ म्हणणाऱ्यांना नेमके तेच माहीत नसते. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे दोन सेकंदांत बादली उचलायची तर ४८ फ्रेममध्ये शरीराचा प्रत्येक भाग कुठे असेल हे ठरवावे लागते. आधी महत्त्वाच्या मोजक्या स्थिती पक्क्या केल्या जातात, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या स्थिती संगणक भरून देतो खरा, पण तो त्या एकसारख्या अंतराने भरतो, आणि जिवंत शरीर तसे कधीच हलत नाही. कुठे रेंगाळायचे, कुठे घाई करायची, हे त्या मधल्या फ्रेममध्ये एकेक वळण सुधारत बसवावे लागते आणि ॲनिमेटरचे तासन्‌तास तिथेच जातात. हाताने चित्रे काढून केलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेमपुरते वापरतात. तसे धरले तरी एका मिनिटाला ७२० चित्रे होतात. मोठ्या चित्रपटावर काम करणाऱ्या ॲनिमेटरच्या आठवडाभराच्या मेहनतीतून पडद्यावर काही सेकंदच उतरतात. त्यामुळे लेखात ‘अमुक चित्रपटासाठी काम केले’ असे मोघम लिहू नका. त्याच्या सहकाऱ्यांना गाठून त्याने कोणते शॉट केले ते विचारून घ्या आणि त्यांपैकी एकाच शॉटविषयी सविस्तर लिहा : पात्र कोणते, ते काय करते, वरिष्ठांनी तो किती वेळा परत पाठवला आणि कशासाठी. एका शॉटची अशी हकिगत दहा चित्रपटांच्या यादीपेक्षा अधिक सांगून जाईल.

आपल्या सभेत एखादे काका ॲनिमेशनला ‘हे सगळे परदेशी वेड’ असे म्हणण्याची दाट शक्यता आहे. त्यांना एवढेच सांगा : दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच, कुंडीतल्या रोपाचे थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम टिपून ते पडद्यावर वाढताना दाखवले होते. कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा ॲनिमेशनपट काढला, आणि प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दूरदर्शनवरचा, विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ तर काकांनी स्वतःच्या मुलांना मांडीवर घेऊन पाहिला असेल. एवढे पुरे, लेख भावावरचा आहे.

जर्सीवरचा ३ हा शुभांक नव्हे. पंधरा जणांच्या रग्बीत जर्सीवरचा आकडा खेळाडूची जागा सांगतो, आणि ३ ही टाइट-हेड प्रॉपची जागा आहे. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्ही संघांचे आठ-आठ खेळाडू वाकून, एकमेकांना घट्ट धरून समोरासमोर भिडतात, ती स्क्रम. तिच्या पहिल्या रांगेत तिघे असतात. १ क्रमांकाच्या प्रॉपचा एक खांदा मोकळा राहतो, मध्ये २ क्रमांकाचा हूकर असतो, आणि ३ क्रमांकाच्या खेळाडूचे डोके प्रतिस्पर्ध्यांच्या दोघांच्या मधोमध जात असल्यामुळे त्याच्या दोन्ही खांद्यांवर समोरचा भार येतो. रेफरी ‘क्राउच, बाइंड, सेट’ असे तीन हुकूम देतो आणि तिसऱ्या हुकमाला दोन्ही बाजू एकमेकींवर आदळतात. त्या क्षणी ३ क्रमांकाची पाठ वाकली किंवा पाय सरकले, तर सगळी स्क्रम मागे जाते किंवा कोसळते. तो टिकला तर चेंडू मागून बाहेर निघतो, दुसराच कोणी चपळ गडी तो घेऊन पळतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात.

बाबांच्या प्रश्नाला तो का हसत असे, हे यावरून लक्षात यावे. रग्बीत प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय होतो आणि त्याचे ५ गुण मिळतात, त्यानंतरच्या यशस्वी किकचे २, पेनल्टी किकचे किंवा ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडू जमिनीवर टेकवून मारलेल्या किकचे) ३. प्रॉपच्या वाट्याला यांतले क्वचितच काही येते. एखादा हंगाम त्याचे नाव गुणपत्रकावर एकदाही न येता सरतो. तेव्हा त्याच्या संघातल्या मित्रांना त्याने किती गुण केले हे विचारू नका. कोणत्या सामन्यात आपली स्क्रम तसूभरही मागे हटली नाही, असे विचारा. उत्तर द्यायला सगळे एकदम बोलू लागतील, हे पाहा.

कानाचे कारणही हेच. स्क्रममध्ये डोके घुसवताना कान सतत घासला आणि चेपला जातो, कुर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते, आणि ते वेळेत काढून टाकले नाही तर कान कायमचा जाड व ओबडधोबड होतो. पुण्यातल्या पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण तालमीतल्या जुन्या पैलवानांचे मोडलेले कान असेच असतात आणि तालमीच्या भिंतींवरच्या तसबिरींत ते कोणी लपवलेले नाहीत. फोटोतला कान आहे तसा राहू द्या. आपल्या आईंना तो फारच खटकत असेल, तर मुखपृष्ठावर दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो घ्या आणि हा आत छापा. पण संगणकावर नवा कान बसवून घेऊ नका.

एका मोहापासून सावध करावेसे वाटते. ‘रग्बीनेच त्याला शरीराचे वजन शिकवले आणि म्हणून तो चांगला ॲनिमेटर झाला’ असे वाक्य आपल्याला सुचेल, किंवा सभेत कोणीतरी टाळ्या घेत ते म्हणेल. ते खरेही असू शकते, पण तसे लिहिण्याआधी त्याच्या वह्या चाळा. वाकलेल्या पाठी, रोवलेले पाय, एकमेकांत अडकलेले हात अशी रेखाटने त्यांत सापडली, किंवा एखाद्या सहकाऱ्याने ‘अमुक शॉटसाठी त्याने स्क्रमचा व्हिडिओ वापरला होता’ असे सांगितले, तर बेलाशक लिहा आणि ते चित्रही छापा. काही सापडले नाही तर दोन आवडी दोन स्वतंत्र परिच्छेदांत राहू द्याव्यात. माणसाला दोन असंबद्ध गोष्टी मनापासून आवडू शकतात, त्यांची सांगड घालण्याची जबाबदारी लेखकावर नसते.

आणखी एक : ‘फावल्या वेळात रग्बी खेळत असे’ असे लिहू नका. या खेळाला हौशीपणाचा मोठा आणि भांडणाचा इतिहास आहे. सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना द्यावी की नाही, या वादातून १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले, आणि पंधरा जणांच्या रग्बीने खेळाडूंना पैसे देण्याची उघड मुभा दिली ती थेट १९९५ मध्ये. आपल्याकडे आजही बहुतेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. उजाडायच्या आत सराव, मैदानाच्या भाड्याची वर्गणी, माउथगार्ड, टेप, फिजिओथेरपी हे सगळे आपल्या भावाने पगारातून केले असणार. त्या खर्चाची एखादी चिठ्ठी वहीत सापडली, तर ती जशीच्या तशी छापा.

प्रश्न : मी त्याच्याबरोबर त्याच संघातून खेळलो. स्मरणसभेत संघातर्फे मी बोलावे, असे ताईंनी सांगितले आहे. आमच्या आठवणी बहुतेक मैदानावरच्या आणि सामन्यानंतरच्या आहेत, त्यांत थट्टा-मस्करी पुष्कळ आहे. आम्ही त्याला ज्या टोपणनावाने हाक मारत असू, ते त्याच्या आईवडिलांसमोर उच्चारावे का? घरच्या ज्येष्ठांना हा खेळ मुळीच ठाऊक नाही, मग तो किती समजावून सांगावा? शिवाय त्याच्या नावाने एक सामना खेळावा, असे आमच्या मनात आहे.
— संघातला एक मित्र, औंध

उत्तर : टोपणनावाविषयी परस्पर ठरवू नका. सभेच्या आठवडाभर आधी चहाला म्हणून घरी जा आणि त्याच्या आईंनाच सांगा की, काकू, आम्ही त्याला या नावाने हाक मारत होतो. बहुतेक आया अशा वेळी त्या नावामागची गोष्ट विचारतात, आणि ती गोष्टच आपल्या भाषणाचा गाभा होऊ शकेल. त्यांचा चेहरा उतरलेला दिसला, तर ते नाव संघापुरते ठेवा. सामन्यानंतर गायल्या जाणाऱ्या गाण्यांविषयी मात्र विचारायलाही जाऊ नका. आपले बोलणे चार-पाच मिनिटांपलीकडे नेऊ नये, आणि त्यात एकच प्रसंग सांगावा, पण तो नीट सांगावा : मैदान कुठले, पाऊस होता की ऊन, समोर कोण होते आणि तो काय बोलला. ‘त्याचा खेळ अफलातून होता’ या वाक्याने कोणाच्याही डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. स्क्रमच्या आधी तो बुटाचे टोक चिखलात किती वेळ रुतवत असे, हे सांगितलेत तर उभे राहील.

खेळाची ओळख तीन-चार वाक्यांत उरका. चेंडू हाताने फक्त मागच्या दिशेला देता येतो, पुढे जायचे तर तो घेऊन पळावे लागते किंवा लाथाडावा लागतो, चेंडू ज्याच्या हातात आहे त्यालाच अडवता येते, आणि ८० मिनिटे हे चालते : एवढ्यावर श्रोत्यांना पुढचा प्रसंग कळतो. ‘इंग्रजांचा खेळ’ म्हणून कोणी नाक मुरडणार असेल, तर कलकत्त्याची गोष्ट सांगावी. तिथल्या इंग्रजांनी १८७३ मध्ये काढलेला रग्बी क्लब काही वर्षांतच बंद पडला. सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढून घेतली, ते रुपये वितळवून नागाच्या आकाराच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला एक चषक घडवून घेतला आणि तो इंग्लंडला पाठवून दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्या कलकत्ता कपसाठी झुंजत आले आहेत. खेळ त्यांचा असला, तरी त्याच्या सर्वांत जुन्या चषकांपैकी एक आपल्या नाण्यांचा आहे, ही बाब पुणेकर काकांना आवडेल. भारताचा राष्ट्रीय संघ मात्र पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो १९९८ मध्ये, सिंगापूरविरुद्ध. अभिनेते राहुल बोस त्या संघात होते, हे सांगितले की तरुण मंडळीही कान टवकारतील.

सामन्याची कल्पना चांगली आहे, पण भावनेच्या भरात पंधरा-पंधरा जणांचा पूर्ण सामना ठरवू नका. अशा सामन्याला सराव सोडून वर्षे लोटलेले जुने सवंगडी हटकून येतात, आणि पोट सुटलेल्या चाळिशीच्या माणसाला पहिल्या रांगेत उभे करणे धोक्याचे आहे. पहिल्या रांगेत त्या जागेचे प्रशिक्षण घेतलेला खेळाडूच असावा, असा खेळाच्या नियमांचाच आग्रह आहे. म्हणून तरुणांचा सात-सात जणांचा सामना ठेवा. त्यात सात मिनिटांचे दोनच डाव असतात आणि स्क्रम तिघा-तिघांची असते. बाकीच्यांसाठी टच रग्बी ठेवा, त्यात टॅकल, म्हणजे धरून पाडणे, नसते आणि नुसत्या स्पर्शाने खेळाडू थांबतो, त्यामुळे त्यांच्या भाचरांनाही उतरता येईल. मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका असल्याशिवाय शिट्टी वाजवू नये. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी त्या खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरू द्यायचे नाही. ‘आज त्याच्यासाठी खेळतोय’ ही सबब ऐकू नये. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून एकमेकांना टाळ्या वाजवत वाट करून देतात, ती पद्धत त्या दिवशीही जशीच्या तशी पाळा. तिथे वेगळे भाषण नको.

प्रश्न : मी त्याच्या स्टुडिओत काम करते. तो घरी रात्री बसून कागदावर, हाताने चित्रे काढून स्वतःचा एक छोटा चित्रपट करीत होता. तो अर्धवट राहिला आहे. पलंगाखालच्या दोन खोक्यांत शेकडो कागद आहेत, आणि एक हार्ड डिस्क आहे. घरच्यांचा विचार असा आहे की, त्यांतली चांगली चित्रे लॅमिनेट करून सभेला आलेल्यांना आठवण म्हणून वाटावीत. आम्हा सहकाऱ्यांना तो चित्रपट पूर्ण करावासा वाटतो. त्याने स्टुडिओत केलेले शॉटही सभेत दाखवता येतील का?
— एक सहकारी, विमाननगर

उत्तर : सर्वांत आधी लॅमिनेशन थांबवा. पुण्यात रेशनकार्डापासून जन्मपत्रिकेपर्यंत सगळे लॅमिनेट करण्याची हौस आहे, पण उष्णतेने चिकटवलेले ते प्लास्टिक कागदाला इजा न करता पुन्हा काढता येत नाही. शिवाय त्या खोक्यांतले सुटे ‘चांगले चित्र’ अशी वस्तूच मुळात नाही. प्रत्येक कागदाच्या कडेला मध्ये एक गोल आणि दोन बाजूंना दोन लांबट अशी तीन छिद्रे दिसतील. ती खुंट्यांच्या पट्टीवर बसवण्यासाठी असतात आणि त्यांच्यामुळेच एका चित्रावर दुसरे चित्र बिनचूक येते, हे आपण जाणताच, पण घरच्यांना ते दाखवून द्या. कोपऱ्यातले क्रमांकही दाखवा. वर्तुळात घातलेले क्रमांक मुख्य चित्रांचे आणि बाकीचे मधल्या चित्रांचे, आणि कडेला उभ्या रेघेवर आडव्या खुणा केलेला जो छोटा तक्ता असतो, त्यात मधली चित्रे कोणत्या अंतराने काढायची हे त्याने लिहून ठेवलेले असते. खोक्यातून एक कागद वाटून टाकला की पात्राच्या चालण्यातले एक पाऊल गेले. आठवण म्हणून काही द्यायचेच असेल, तर एखाद्या शॉटच्या सलग चित्रांच्या छापील प्रती काढून त्यांची तळहाताएवढी उलटण्याची वही करून द्या. ती चाळताना पात्र हलते, हे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळते.

कागद आहेत त्याच क्रमाने ठेवा. रबरबँड, टाचण्या आणि चिकटपट्टी लावू नका, आणि खोकी माळ्यावर टाकू नका. पुण्याच्या पावसाळ्यात ओल आणि कसर दोन्ही तिथे पोहोचतात. छिद्रे असलेली कड न कापता, सगळे कागद पट्टीवर बसवून एकाच मापात स्कॅन करून घ्या. हार्ड डिस्कमधल्या फायलींच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. मूळ सॉफ्टवेअरच्या फायली पुढे उघडतीलच असे नाही, म्हणून तयार झालेले प्रत्येक दृश्य साध्या चित्रमालिकेच्या स्वरूपातही साठवून ठेवा. हे काम कंटाळवाणे असले, तरी ते सभेच्या आधी व्हायला हवे, कारण सभेनंतर सगळे आपापल्या कामाला लागतात.

चित्रपट पूर्ण करण्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. तो पूर्ण करू नये. निदान आत्ता करू नये, आणि त्याच्या एकट्याच्या नावावर तर कधीच करू नये. मधली चित्रे कोणीही कसबी माणूस काढू शकेल, पण पात्र कुठे थबकेल हे त्याने ठरवलेले नसेल, तर ते ठरवणारा माणूस दुसराच असेल आणि चित्रपटही दुसऱ्याचा होईल. आहे ते आहे तसे जोडा : रंगवलेले शॉट जिथे आहेत तिथे ते, नसतील तिथे पेन्सिलचे, तेही नसतील तिथे स्टोरीबोर्डची, म्हणजे दृश्ये आधी चित्रांत मांडलेल्या आराखड्याची, चौकट, आणि खाली त्याने लावलेला कच्चा आवाज. ॲनिमेशनचे विद्यार्थी असे अर्धवट काम तयार चित्रपटापेक्षा अधिक उत्सुकतेने पाहतात, कारण त्यात हात कसा चालला ते दिसते. पुढेमागे कोणी तो पुरा केलाच, तर कोणते दृश्य त्याचे आणि कोणते इतरांचे, हे श्रेयनामावलीत दृश्यवार लिहावे. आपल्या व्यवसायात हजारो हातांची नावे मुळातच पडद्यावर येत नाहीत. निदान इथे तरी काटेकोरपणा असावा.

हक्कांचे म्हणाल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणून स्टुडिओतले शॉट त्याचे असूनही त्याच्या घरच्यांचे नाहीत. घरी काढलेल्या चित्रांवरचा हक्क वारसांकडे येतो आणि तो मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र ‘फावल्या वेळात केलेले कामही कंपनीचे’ असे एखादे कलम त्याच्या नेमणूकपत्रात नाही ना, हे ताईंना तपासायला सांगा. स्टुडिओकडे ताईंच्याच सहीने लेखी परवानगी मागा. प्रदर्शित झालेल्या चित्रपटांतले नेमके शॉट, घरगुती सभा, एकदाच दाखवणे आणि कोणाला प्रत न देणे, या चार गोष्टी त्या पत्रात स्पष्ट असाव्यात. अप्रदर्शित कामाचा उल्लेखही करू नका, कारण गोपनीयतेच्या करारावर आपलीही सही असेल. उत्तर यायला महिना लागेल असे धरून चाला, आणि नाहीच आले, तर त्याच्या पेन्सिल टेस्ट, म्हणजे हालचाल तपासण्यासाठी पेन्सिलच्या चित्रांचे केलेले कच्चे चित्रण, दाखवा. त्या जेमतेम तीन-चार सेकंदांच्या असतील आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तेवढ्यात काहीच उमगत नाही, म्हणून तोच तुकडा न थांबवता आठ-दहा वेळा चालवा, एकदा संथ गतीने दाखवा आणि त्यानंतरच कोणीतरी बोलावे.